मुंबई ते लंडन : नऊ तासांचं अंतर

आमच्या नात्यागोत्यात मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, कुणीतरी मावशी किंवा सासूबाईंची मैत्रीण जवळ येऊन बसते आणि विचारते, "काय गं, लंडनला जायला किती तास लागतात?" मी म्हणते, "नऊ." मग त्या म्हणतात, "इतकेच? आमचा नागपूरचा प्रवास याहून मोठा." आणि आम्ही दोघी हसतो.

हा प्रश्न-उत्तराचा खेळ मी वीस वर्षं खेळतेय. उत्तर चुकीचं आहे असं कधी वाटलं नाही. मागच्या वर्षी जानेवारीत ते चुकलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज जरा सविस्तर लिहायला बसले आहे. लेख लांबणार, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा.

आधी सोप्या गोष्टी. मुंबई आणि लंडन यांच्यातलं हवाई अंतर साधारण ७२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही दोन गावं पट्टीने जोडली तर रेघ बरीच दक्षिणेकडून जाते. पण माझ्या मुलाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल आहे. त्याच्यावर एक दोरा मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून धरा. दोरा सरकून वर उत्तरेकडे जातो. बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राची कड, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तो. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मुंबईहून लंडनला जायची सरळ वाट कास्पियनवरून जाते हे शाळेत कुणी सांगितलंच नाही!

अर्थात विमानं काही दोऱ्याने ओळंबा धरून जात नाहीत. खाली कुणाचा देश आहे आणि तिथे काय चाललंय यावर वाट ठरते. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश बंद झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली. म्हणजे दोरा जिथून जातो त्यातले दोन तुकडे कापले गेले. शिवाय वारा. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त. माहेरी येणं सोपं आणि परत जाणं जड, हे वाऱ्यालाही कळतं असं मी गमतीने म्हणायचे.

घड्याळाचं तर विचारूच नका. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. एकेकाळी हा फरक याहून विचित्र होता. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ झाली तरी मुंबईकरांनी आपली 'मुंबई टाईम' पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. १९५५ पर्यंत ती कुठे ना कुठे चालू होती. माझ्या आजीच्या बोलण्यात 'मुंबई टाईम' यायचा तेव्हा मला वाटायचं ती उशिरा येणाऱ्या लोकांबद्दल बोलतेय.

असो. मूळ मुद्दा अंतराचा.

हे अंतर माणसांनी कसं कसं कापलं ते शोधायला लागले तेव्हा पहिल्यांदा भेटला हणमंतराव. राघोबादादांनी आपलं गाऱ्हाणं मांडायला १७८१ मध्ये आपले वकील थेट लंडनला पाठवले. त्यात हा हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचे पारशी गृहस्थ होते. तिथे एडमंड बर्क यांनी त्यांची आपल्या घरी सोय केली, स्वतंत्र स्वयंपाकाची व्यवस्था करून दिली. काम काही फारसं झालं नाही, आणि परत आल्यावर हणमंतरावाला समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

त्या काळी जहाज आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायचं. समुद्रातलं अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर. वारा असेल तसं जायचं, नसेल तर थांबायचं. चार महिने, पाच महिने, कधी सहा. हिशोब केला तर दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पत्र पाठवलं आणि लगेच उत्तर आलं तरी वर्ष उलटायचं. मुंबईत बसलेल्या माणसाला लंडनचं जे काही कळायचं ते निदान चार-पाच महिने शिळं. तिकडच्या जिवंत माणसाला पत्र लिहावं आणि तो ते पोचायच्या आधीच गेलेला असावा, यात विशेष काही नव्हतं.

मग आली वाफ. १८३० च्या मार्चच्या २० तारखेला 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. मुंबईच्याच गोदीत बांधलेली. तिला इतका कोळसा लागायचा की मिळेल त्या जागेत कोळसाच भरला होता, माणसांना जागा उरली नव्हती. मध्ये एडनला, जेद्दाला कोळशासाठी थांबत थांबत ती सुमारे महिन्याभराने सुएझला पोचली. पुढे सुएझपासून कैरोपर्यंत वाळवंट, तिथून नाईल नदीतून अलेक्झांड्रिया आणि मग दुसरी बोट. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या माणसाने हा उंटांचा आणि होड्यांचा रस्ता बसवून दाखवण्यात आयुष्य घालवलं. कोळसा ठेवायला जागा हवी म्हणून इंग्रजांनी १८३९ च्या जानेवारीत एडन ताब्यात घेतलं. या वाटेने लंडन-मुंबई प्रवास दीड महिन्याच्या आसपास आला.

याच सुमाराला आपले रंगो बापूजी लंडनला गेले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गेले ते जवळजवळ चौदा वर्षं तिथेच राहिले. अर्ज, सभा, छापील पत्रकं, कंपनीच्या भागधारकांच्या बैठकी. ते तिथे असतानाच १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. ज्या राजासाठी भांडायचं तो राजा नाही, ज्या राज्यासाठी भांडायचं ते राज्य नाही, आणि या दोन्ही बातम्या आपल्याला महिना-दीड महिन्याने कळतात. मधल्या दिवसांत रंगो बापूजी नेहमीप्रमाणे कागद लिहीत असतील, थंडीत कुणाच्या तरी दारात ताटकळत असतील. महाराज जिवंत आहेत असं धरून चाललेले ते दिवस. मला इतिहासातले मोठमोठे प्रसंग लक्षात राहत नाहीत, पण हे दिवस डोक्यातून जात नाहीत.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा सुरू झाला आणि आफ्रिकेचा वळसा सुटला. १९,८०० चे ११,६०० किलोमीटर झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रवास तीन आठवड्यांवर आला होता. सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलै १९१० ला इंग्लंडहून निघाली आणि २२ जुलैला ते मुंबईला पोचले. मार्सेलिसच्या उडीची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, पण ही तारखांची जोडी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. बरोबर तीन आठवडे. ज्यांना घाई असायची ते लंडनहून मार्सेलिस किंवा ब्रिंडिसीपर्यंत आगगाडीने जायचे आणि तिथे बोट पकडायचे, म्हणजे काही दिवस वाचायचे. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये असेच मार्सेलिसपर्यंत गाडीने आले. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीने निघालं होतं, ती महायुद्धात पाणतीराने बुडाली आणि त्यांची पुस्तकं, कागद सगळं तळाशी गेलं. अंतर नुसतं वेळात मोजून भागत नाही ते असं.

पण मला वाटतं खरा बदल कालव्याने झाला नाही. तो झाला कालव्यानंतरच्या वर्षी. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रातून तार टाकली आणि मुंबई लंडनला जोडली गेली. त्याआधी १८६५ पासून इराणच्या आखातातून जाणारी तार होती, पण ती भरवशाची नव्हती. आता बातमी काही तासांत जाऊ लागली.

तोपर्यंत बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत होते. घोडा असो, गलबत असो की आगबोट, बातमी कुणाच्या तरी खिशातूनच यायची. १८७० नंतर बातमी पुढे धावली आणि माणूस तीन आठवडे मागे राहिला. म्हणजे आपल्या घरी काय झालंय हे कळलेलं आहे, पण तिथे जाता येत नाही, अशी अवस्था जगात नव्याने तयार झाली. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ आहे. तिचं वय फक्त दीडशे वर्षं आहे.

आता इथे आमच्या लंडनआजोबांना आणायला हवं.

घरातल्या लोकांना ते माहीत आहेत, इतरांसाठी सांगते. बाबांचे चुलत काका, म्हणजे माझे चुलत आजोबा. १९५६ च्या उन्हाळ्यात ते बॅलार्ड पियरवरून बोटीने इंग्लंडला शिकायला गेले. घरात त्यांचा एक फोटो आहे, गळ्यात हार, हातात नारळ आणि अंगाला न बसणारा कोट. शेजारी त्यांची आई, नऊवारीत, कॅमेऱ्याकडे न बघता मुलाकडे बघतेय. डिसेंबरात ती गेली.

तार गेली, ती दुसऱ्या दिवशी पोचली. त्या वर्षी नोव्हेंबरपासून सुएझचा कालवा युद्धामुळे बंद पडला होता, बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. म्हणजे निघायचं म्हटलं असतं तरी हणमंतरावाच्या काळातल्या वाटेने यावं लागलं असतं! विमान होतं, पण त्याचं भाडं हा आमच्या घरात बोलायचाही विषय नव्हता. तेव्हा येण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी त्यांना 'ये' म्हटलं नाही, आणि 'आला नाही' असंही कुणी कधी म्हटलं नाही.

त्यांनी तिथे एकट्याने सुतक पाळलं. आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत याची फार बारीक चर्चा आहे, हे मला अलीकडे कळलं. 'देशांतर' कशाला म्हणायचं? मध्ये मोठी नदी आली, डोंगर आला किंवा पलीकडे भाषा बदलली तर ते देशांतर. काहींनी ते योजनांमध्येही मोजून दिलंय. दूरच्या नातलगाची बातमी उशिरा कळली तर सुतक कमी होतं. पण आईवडिलांच्या बाबतीत सूट नाही. मुलगा कितीही लांब असो, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून पुढे पूर्ण दहा दिवस. म्हणजे माणूस गेला तो दिवस एक आणि मुलासाठी तो गेला तो दिवस दुसरा. ज्या कुणी हे लिहिलं त्याला गाव सोडून गेलेल्या माणसाची चांगलीच माहिती असणार.

लंडनआजोबांनी तार हातात आली त्या दिवसापासून दहा मोजले. ते राहायचे त्या घरात न्हाणीघरातलं गरम पाणी नाणं टाकल्यावर यायचं. त्यांनी दहा दिवस नाणं टाकलं नाही. दहाव्या दिवशी एका न्हाव्याकडून डोकं तासून घेतलं आणि वर टोपी घालून वर्गात गेले. हे ते आम्हाला मुलांना हसत हसत सांगायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला त्यातली फक्त नाण्याची गंमत कळली होती.

विमानाचं सांगायचं राहिलं. १९२९ च्या मार्चअखेर लंडन-कराची टपालाची विमानसेवा सुरू झाली. सात दिवस लागायचे. त्यातही लंडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, मग अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारं विमान आणि पुढे पुन्हा जमिनीवरचं. कराचीहून मुंबईचा तुकडा जोडला जे. आर. डी. टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला. छोटंसं पुस मॉथ विमान, त्यात टपाल, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. त्याच टाटांच्या कंपनीतून पुढे एअर इंडिया इंटरनॅशनल झाली आणि ८ जून १९४८ च्या रात्री 'मालाबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. ३५ प्रवासी. कैरो, जिनिव्हा करत १० जूनला पोचलं. तीन आठवड्यांचे दोन दिवस झाले. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट आलं, १९७१ मध्ये जंबो आलं, थांबे एकेक करून गळत गेले आणि शेवटी उरले ते माझे नऊ तास.

याच 'मालाबार प्रिन्सेस'चा शेवट मात्र फार वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० ला मुंबईहून लंडनला जाताना ते आल्प्समध्ये मों ब्लां पर्वतावर आदळलं. ४८ माणसं होती, सगळी गेली. आणि जवळपास त्याच जागी २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ आदळलं. त्यात ११७ माणसं गेली, डॉ. होमी भाभा त्यातच होते. तिथल्या हिमनद्या सावकाश खाली सरकत असतात आणि पोटातलं थोडं थोडं बाहेर टाकतात. २०१२ मध्ये बर्फातून परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक बॅग बाहेर आली, १९६६ च्या विमानातली. ४६ वर्षांनी आलेलं टपाल. हणमंतरावाच्या काळातलंसुद्धा इतक्या उशिरा पोचलं नसेल.

आता माझं.

मागच्या वर्षी जानेवारीत रविवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाचा फोन आला. मुंबईत पहाटेचे चार चाळीस. त्या वेळेला आलेला फोन उचलायच्या आधीच कळतो. "ताई, बाबा गेले," तो म्हणाला. झोपेतच. आजारी नव्हते, आदल्या दिवशी माझ्याशी बोलले होते, इथे थंडी किती आहे ते विचारत होते.

मग थोडा वेळ दोघंही गप्प होतो. आणि मग त्याने विचारलं, "थांबू का तुझ्यासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी मनातल्या मनात हिशोब करायला लागले. बाबा जाऊन तासही झाला नव्हता आणि मी बेरीज-वजाबाकी करत होते. सकाळी साडेनऊचं विमान मिळालं तर मुंबईच्या रात्री बाराला उतरणार. पासपोर्ट, सामान, टॅक्सी, डोंबिवलीत पोचायला अडीच. म्हणजे मंगळवारी उजाडल्यावरच नेता येणार. अख्खा सोमवार आणि अख्खी रात्र. आईचं ब्लड प्रेशर. ८४ वर्षांची आत्या, जिला रात्रभर ठेवणं मान्य होणार नाही. दोन खोल्यांचं घर, येणारी-जाणारी माणसं, बर्फ. किंवा मग कुठल्यातरी हॉस्पिटलचं शवागार, आणि बाबा तिथे एकटे.

मी म्हटलं, "नको थांबू."

तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "हो. आईला त्रास नको."

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. तिकीट मिळालं. मुंबईत अकरा वाजता त्यांना नेलं तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच होते आणि मी हीथ्रोला जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. भावाने मेसेज केला होता, व्हिडिओ कॉल लावू का. मी 'नको' लिहिलं. बसमध्ये एक मुलगा कानात काहीतरी घालून पेंगत होता आणि बाहेर पाऊस पडत होता. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

मंगळवारी रात्री अडीचला घरी पोचले. दार उघडंच होतं. आई जागी होती. पलंग हलवला होता आणि त्या जागेवर जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला होता. आत्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. फोन आल्यापासून मोजले तर मला बावीस तास लागले. ७२०० किलोमीटर, बावीस तास. 'मालाबार प्रिन्सेस' हवेत असताना याहून बरंच जोरात जात होतं.

अस्थी गोळा करायला मी गेले. दहा दिवस राहिले. मोठ्या काकांनी विचारलं, तुझे दहा कधीपासून धरायचे? सोमवारपासूनच, मी म्हटलं. मला तर तासाभरातच कळलं होतं. माझ्यासाठी वेगळा दिवस नव्हता.

आणि इथेच मला लंडनआजोबांचा हेवा वाटतो, हे लिहायला विचित्र वाटतंय तरी लिहिते. त्यांच्यासाठी अंतराने निर्णय घेतला होता. बंद कालवा, न परवडणारं विमान, मधला समुद्र, यांनी मिळून त्यांना सांगितलं होतं की तू पोचू शकत नाहीस. त्यांना दुःख होतं, पण हिशोब नव्हता. रंगो बापूजींनाही नव्हता. दोनशे वर्षं माणसांनी उंट, कोळसा, कालवे, तारा, विमानं असं सगळं पणाला लावून हे अंतर कमी करत आणलं. आणि शेवटी ते अशा जागी आणून ठेवलं की आता जवळजवळ पोचता येतं. जवळजवळ. थांबलं तर भेट होते, नाही थांबलं तर होत नाही. आता फोनवर तुम्हाला विचारलं जातं, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

मराठीत 'अंतर देणं' असा एक वाक्प्रचार आहे. अंतर देणं म्हणजे सोडून देणं. आपल्या जुन्या लोकांनी एकाच शब्दात किलोमीटर आणि हा अर्थ, दोन्ही बसवले आहेत. मी बाबांना अंतर दिलं का, हा प्रश्न मी त्या दहा दिवसांत स्वतःला बरेचदा विचारला. भावाला विचारला नाही. त्याने एकट्याने सगळं केलं होतं, त्याला आणखी हे कशाला.

निघायच्या आदल्या रात्री आई माझी बॅग भरायला बसली. लिंबाचं लोणचं, मेतकूट, भाजणी, नेहमीचं सगळं. घड्या घालता घालता एकदम म्हणाली, "थांबायचं का विचार, असं मीच त्याला सांगितलं होतं. तू हो म्हणाली असतीस तर मी थांबवलं असतं सगळ्यांना. आत्यालासुद्धा."

मी काही बोलले नाही.

मग ती म्हणाली, "पण तू नको म्हणालीस ते बरं झालं. मला दुसऱ्या रात्रीपर्यंत नसतं झेपलं." आणि भाजणीच्या पिशवीला रबर लावत बसली.

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की तिला खरंच तसं वाटत होतं, मला माहीत नाही. वर्ष झालं, मी विचारलेलं नाही. कदाचित दोन्ही असेल. आईच्या बोलण्यात बरेचदा दोन्ही असतं.

जाताना वारा समोरून होता. समोरच्या पडद्यावर ते छोटं विमान कितीतरी वेळ एकाच समुद्रावर दिसत होतं. शेजारच्या सीटवर एक आजी होत्या, पहिल्यांदाच मुलाकडे चाललेल्या, स्वेटरवर स्वेटर घालून. त्यांनी विचारलं, "किती तास राहिले हो?" मी पडद्यावर बघून सांगितलं. "आणि घरी परत यायलाही इतकेच लागतात ना?" मी म्हटलं, "येताना थोडे कमी लागतात. वारा आपल्या बाजूने असतो." त्यांना फार बरं वाटलं.

तर अजूनही कुणी विचारलं तर मी 'नऊ' असंच सांगते. लग्नाच्या मांडवात एवढी मोठी गोष्ट कुठे सांगत बसणार?

घरच्या लोकांसाठी एक विनंती. लंडनआजोबांच्या बोटीचं नाव कुणाला आठवत असेल तर कळवा. मोठे काका दर वेळी वेगळं सांगतात. फोटोच्या मागे काहीतरी पेन्सिलीने लिहिलंय, पण ते पुसट झालंय. आणि बाकी वाचणाऱ्या मंडळींपैकी ज्यांच्या घरात अशी कुणाची तार, पत्र, उशिरा पोचलेलं माणूस असेल, त्यांनी जरूर लिहा. घाई नाही. सवडीने लिहा.